अब्राहम मार्टिन : एका मूळपुरुषाचा शोध

कॅनडातील क्वेबेक नगराला लागून, सेंट लॉरेन्स नदीच्या उंच काठावर एक विस्तीर्ण पठार आहे. १३ सप्टेंबर १७५९ रोजी त्या पठारावर इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांची गाठ पडली. प्रत्यक्ष लढाई तासाभरातच आटोपली. परंतु उत्तर अमेरिकेतील फ्रेंच सत्तेचे भवितव्य तिने ठरविले. इंग्रजांचे सेनापती वुल्फ आणि फ्रेंचांचे सेनापती मोंकाम हे दोघेही त्या लढाईतील जखमांनी मृत्यू पावले. इतिहासात ही लढाई ‘अब्राहमच्या पठारावरील लढाई’ म्हणून ओळखली जाते. ते नाव ऐकून आपल्यासारख्या बायबलच्या वाचकाला साहजिकच आब्राहाम पित्याची आठवण होते. परंतु येथील अब्राहम हा तो नव्हे. लढाईच्या सुमारे १४० वर्षे आधी फ्रान्समधून आलेल्या, समुद्रावर पोट भरणाऱ्या अब्राहम मार्टिन नावाच्या एका साध्या माणसावरून हे नाव पडले. त्या परिसरात त्याची थोडी जमीन होती, एवढेच. लढाई जेथे झाली ती भूमी नेमकी त्याच्या मालकीची होती असेही नाही.

आज कॅनडात आणि अमेरिकेत असंख्य कॅथॉलिक कुटुंबे या अब्राहम मार्टिनला आपला मूळपुरुष मानतात. त्यांतील कित्येकांचा दावा नोंदींच्या आधारे पक्का आहे. कित्येकांचा मात्र एका अशा कडीवर लोंबकळत आहे की, ती कडी खरी की मानलेली, याचा निकाल विद्वानांमध्ये दीर्घकाळ वादाचा विषय राहिला आहे. आपल्या घराण्याचा मागोवा घेण्याची इच्छा अलीकडे आपल्याही धर्मग्रामांतील कुटुंबांत वाढीस लागली आहे. म्हणून दूरच्या या उदाहरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. वंशावळ कशी शोधावी, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे शोध कोठे थांबवावा, हे त्यातून शिकता येण्यासारखे आहे.

नोंदी काय सांगतात

अब्राहम मार्टिन १६२० च्या सुमारास पत्नी मार्गरीट लांग्ल्वा हिच्यासह क्वेबेकला आला. मार्गरीटची बहीण मानली जाणारी फ्रांस्वाज लांग्ल्वा आणि तिचा पती पिएर देपोर्त हेही याच सुमारास तेथे आले. क्वेबेकची वसाहत साम्युएल द शाम्प्लेन यांनी १६०८ मध्ये स्थापन केली होती. तथापि पहिली वीस वर्षे ती वसाहत म्हणजे नदीकाठची एक वखारच होती. तेथील फ्रेंच वस्ती जेमतेम शंभराच्या घरात होती. बहुतेक पुरुष कातड्यांच्या व्यापारासाठी येत आणि परत जात. बायकामुलांसह येऊन राहिलेली कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी होती. मार्टिन कुटुंब त्यांपैकी एक.

२४ ऑक्टोबर १६२१ रोजी अब्राहमचा मुलगा उस्ताश याचा स्नानसंस्कार झाला. क्वेबेकच्या स्नानसंस्कारांच्या नोंदवहीतील ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. त्यानंतर जानेवारी १६२४ मध्ये मार्गरीट आणि १६२७ मध्ये एलेन या मुलींच्या नोंदी येतात. एलेनचे धर्मपिता स्वतः शाम्प्लेन होते आणि त्यांच्या पत्नीचेच नाव मुलीला ठेवण्यात आले. शाम्प्लेन यांचा या कुटुंबावर लोभ होता. नोव्हेंबर १६३५ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी अब्राहमच्या कुटुंबाची आठवण ठेवली. मुलगी मार्गरीट हिने याच देशात लग्न करावे या अटीवर तिच्या लग्नासाठी त्यांनी पैसे ठेवले. नंतर सुमारे महिन्याभराने, नाताळच्या दिवशी, शाम्प्लेन यांचे निधन झाले. मार्गरीटचा विवाह १६३८ साली एत्येन रासीन याच्याशी क्वेबेकमध्येच झाला.

१६३५ पासून पुन्हा मुलांच्या नोंदी सुरू होतात : मारी, आद्रियँ, माद्लेन, बार्ब, ॲन आणि सर्वांत शेवटी १६४८ मध्ये शार्ल-आमादोर. हा धाकटा मुलगा १६७१ मध्ये धर्मगुरू झाला. कॅनडात जन्मलेल्या धर्मगुरूंत त्याचा क्रमांक दुसरा. तो संगीताचा जाणकार होता आणि पवित्र कुटुंबाच्या सणासाठी गायिल्या जाणाऱ्या स्तोत्राच्या चालीचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. एलेन हिने पहिल्या पतीच्या निधनानंतर ज्याच्याशी विवाह केला, तो मेदार शुआर द ग्रोझेये पुढे हडसन उपसागराच्या व्यापारातील प्रसिद्ध शोधक ठरला.

अब्राहमला जमीन मिळाली ती १६३५ मध्ये कंपनीकडून आणि १६४५ मध्ये आद्रियँ द्यु शेन या गृहस्थाकडून. दोन्ही मिळून ३२ आर्पां. आर्पां हे फ्रेंच मोजमाप एकरापेक्षा थोडे कमी भरते. ८ सप्टेंबर १६६४ रोजी अब्राहम वारला. त्यानंतर एका आठवड्याने, १५ सप्टेंबरला, महागुरुस्वामी फ्रांस्वा द लाव्हाल यांनी क्वेबेकचा धर्मग्राम विधिपूर्वक स्थापन केला. १६६७ मध्ये वारसांनी ती जमीन उर्सुलाइन भगिनींना विकली. जमीन गेली, नाव मात्र पठाराला चिकटून राहिले.

जळालेली नोंदवही

येथवर सारे सरळ दिसते. परंतु ज्या नोंदवहीच्या आधारे आपण हे सांगितले, तिचीच एक कथा आहे.

जून १६४० मध्ये क्वेबेकचे लाकडी देऊळ आणि त्याला लागून असलेले येशूसंघीयांचे निवासस्थान आगीत भस्मसात झाले. त्या आगीत धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या जळाल्या. १६२१ पासूनची स्नानसंस्कारांची, विवाहांची आणि मर्तिकांची अशी सारी नोंद नाहीशी झाली. पुढे येशूसंघीय धर्मगुरूंनी लोकांना विचारून, आठवणींच्या आधारे ती पुन्हा लिहून काढली. म्हणजे १६४० पूर्वीची जी वही आज संशोधक मोठ्या आदराने उघडतात, ती मूळ वही नव्हे. ती समाजाच्या स्मरणशक्तीची वही आहे.

धर्मग्रामाच्या कचेरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला याचा अर्थ चटकन कळेल. आई आपल्या लेकरांचे जन्मदिवस सहसा विसरत नाही. जे गावात राहिले त्यांच्या नोंदी बऱ्याचशा परत आल्या असतील. पण जी बालके जन्मून लगेच देवाघरी गेली, जी कुटुंबे फ्रान्सला परतली, ज्यांच्यामागे सांगणारे कोणी उरले नाही, त्यांचे काय? अशा वहीत एखादे नाव आढळले तर तो पुरावा होय; पण एखादे नाव आढळले नाही, तर ती व्यक्ती नव्हतीच असे म्हणता येत नाही. वंशावळीच्या शास्त्रातील हा पहिला धडा आहे.

यात आणखी एक खंड आहे. १६२९ मध्ये इंग्रजांच्या वतीने कर्क बंधूंनी क्वेबेक ताब्यात घेतले आणि १६३२ च्या तहानंतर ते फ्रेंचांना परत मिळाले. मधल्या काळात धर्मगुरूंना तेथून जावे लागले. मार्टिन कुटुंबाच्या मुलांच्या नोंदींत १६२७ पासून १६३५ पर्यंत पोकळी आहे. या काळात ते कुटुंब क्वेबेकमध्येच राहिले की फ्रान्सला जाऊन पुन्हा आले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पोकळी एकच असली, तरी तिची दोन-तीन स्पष्टीकरणे संभवतात.

‘स्कॉटलंडचा’ आणि ‘इंग्लंडची’

समकालीन कागदपत्रांत अब्राहमच्या नावापुढे ‘लेकोसे’, म्हणजे ‘स्कॉटलंडचा’, असे टोपणनाव येते. त्यावरून अनेकांनी त्याला सरळ स्कॉटिश ठरवून टाकले. कॅनडातील स्कॉटिश वंशीयांना त्याचा अभिमान वाटला हे स्वाभाविक आहे. पण त्या काळच्या फ्रान्समध्ये टोपणनावे कशावरूनही पडत. तरुणपणी कोणी स्कॉटलंडच्या सफरी केल्या असतील, कोणी सैन्यात असताना ते नाव घेतले असेल, कोणाला भरतीच्या अधिकाऱ्यांची नजर चुकवायची असेल. नाव हा पुरावा नव्हे. फार तर ती पुराव्याकडे बोट दाखविणारी खूण आहे.

गंमत अशी की, त्याच्या पत्नीचे लांग्ल्वा हे आडनाव मुळात ‘इंग्रज’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. नवऱ्याला त्याच्या नावावरून स्कॉटिश ठरवायचे, तर त्याच न्यायाने बायकोला इंग्रज ठरवावे लागेल! लांग्ल्वा हे आडनाव नॉर्मंडीत सर्रास आढळते. १६३४ मध्ये न्यू फ्रान्समध्ये आलेल्या नोएल लांग्ल्वा नावाच्या वसाहतकऱ्याला अनेक हौशी वंशवृक्षांत मार्गरीटचा भाऊ म्हणून जोडलेले दिसते. आडनाव सारखे, वसाहत एक, काळ जवळपास तोच. मग भाऊ का नसावा? ‘का नसावा’ हा प्रश्न पुराव्याची जागा घेऊ लागला की, वंशावळीचा इतिहास संपतो आणि कादंबरी सुरू होते.

अब्राहमला राजाचा ‘पायलट’, म्हणजे नदीतून जहाजांना वाट दाखविणारा जाणकार, असेही म्हटले जाई. आपल्या कोळीवाड्यांत तांडेलाला जो मान असतो, तशा प्रकारचा हा मान. हे पद अधिकृत होते की लोकांनी आदराने दिलेले संबोधन होते, याविषयीही शंका घेतली गेली आहे.

दोन ॲन

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. १७ नोव्हेंबर १६३५ रोजी क्वेबेकमध्ये जाँ कोते याचा विवाह ॲन मार्टिन हिच्याशी झाला. या दांपत्याचा वंश अफाट वाढला. कोते हे आज क्वेबेकमधील अतिपरिचित आडनावांपैकी एक आहे. ही ॲन अब्राहमची मुलगी असेल, तर हे सारे कोते अब्राहमचे वंशज ठरतात. नसेल तर नाही.

विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावे नाहीत. ही नोंद आगीपूर्वीची, म्हणजे आठवणीतून पुन्हा लिहिलेली. त्यावेळी क्वेबेकमध्ये मार्टिन नावाचे कुटुंब अब्राहमचेच होते. तेव्हा ॲन त्याच्या घरातलीच, हे अनुमान सबळ वाटते. पण घरातली म्हणजे कोण? मुलगी, बहीण, की पुतणी?

तारखांचा हिशेब मांडून पाहू. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार वधूचे वय किमान बारा हवे. १६३५ मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी १६२३ किंवा त्याआधी जन्मलेली असणार. उस्ताशचा जन्म १६२१ च्या शरद ऋतूतला आणि मार्गरीटचा १६२४ च्या प्रारंभीचा. त्या दोघांच्या मध्ये एक अपत्य बसविता येईल, पण ओढूनताणूनच. शिवाय त्याची नोंदही सापडायला हवी होती. म्हणून ॲन जर मुलगी असेल, तर ती बहुधा फ्रान्समध्ये, क्वेबेकला येण्यापूर्वी जन्मलेली असावी. हे अशक्य नाही.

यात दुसरी एक ॲन येऊन गुंता वाढविते. १६४५ मध्ये अब्राहम आणि मार्गरीट यांना एक मुलगी झाली आणि तिचे नाव ॲन ठेवण्यात आले. १६५८ मध्ये तिचा विवाह जाक राते याच्याशी झाला. तिच्याविषयी शंका नाही. पण थोरली ॲन जिवंत असताना, तिचे लग्न होऊन दहा वर्षे झाली असताना, कोणता बाप दुसऱ्या मुलीचे नाव पुन्हा ॲन ठेवील? म्हणून काही संशोधकांनी थोरलीला अब्राहमची बहीण अथवा नातलग मानले. यावर प्रतिवादही आहे. त्या काळात फ्रान्समध्ये मुलीचे नाव पुष्कळदा धर्ममातेवरून ठेवले जाई. त्यामुळे एकाच घरात दोन भावंडांचे एकच नाव असल्याची उदाहरणे मिळतात. तिसरे मत असे की, ॲन ही अब्राहमच्या आधीच्या विवाहातील मुलगी असावी.

विज्ञान येथे कितपत मदत करील? आईकडून मुलांना मिळणारे आणि केवळ मुलींच्या मार्फतच पुढे जाणारे एक विशिष्ट वंशद्रव्य शास्त्रज्ञांना तपासता येते. थोरल्या ॲनपासून आई-मुलगी अशा अखंड साखळीने आलेली आजची एखादी स्त्री, आणि मार्गरीट रासीनपासून तशाच साखळीने आलेली दुसरी स्त्री, यांची तुलना केली, तर दोघींची मूळ माता एकच असणे शक्य आहे का, हे कळू शकते. जुळले नाही, तर मार्गरीट लांग्ल्वा ही थोरल्या ॲनची आई नव्हती एवढे निश्चित होईल. पण तेवढ्याने अब्राहम तिचा बाप होता की भाऊ, हे ठरणार नाही. शास्त्राचे उत्तर विचारलेल्या प्रश्नापुरतेच असते. शिवाय ती चाचणीही जुन्या विवाहनोंदींच्या साखळीवरच उभी असते. साखळीतील एक विवाह चुकीचा धरला की, प्रयोगशाळेतील अचूक उत्तर भलत्याच घराण्याचे ठरते.

लिहिणारे हात

या साऱ्या शोधाचा पाया घातला तो एका धर्मगुरूने, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. फादर सिप्रियँ तांगे यांचा जन्म १८१९ चा. त्यांनी धर्मग्रामांच्या जुन्या वह्या हाताने उतरवून, १८७१ ते १८९० या काळात फ्रेंच कॅनडातील कुटुंबांचा वंशकोश सात खंडांत प्रसिद्ध केला. विजेचे दिवे नाहीत, छायाप्रतीची यंत्रे नाहीत. विटलेली शाई आणि किड्यांनी खाल्लेली पाने. अशा परिस्थितीत एका माणसाने हे काम पार पाडले. त्यात चुका राहिल्या. पुढे १९५७ पासून आर्थर लेब्फ यांनी त्याच्या पुरवण्या काढल्या. १९८३ मध्ये रने जेते यांनी १७३० पर्यंतच्या कुटुंबांचा नवा कोश तयार केला. माँट्रिऑल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेल्या संशोधन प्रकल्पाने १८०० पूर्वीच्या सुमारे सात लाख नोंदी संगणकावर एकत्र जुळविल्या. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे काम कृतज्ञतेने घेतले आणि तपासूनही घेतले. खरी विद्या अशीच वाढते.

एवढ्या नोंदी मुळात उपलब्ध कशा झाल्या? त्याचे श्रेय ट्रेंटच्या धर्मपरिषदेला आहे. ११ नोव्हेंबर १५६३ रोजी परिषदेने फर्मान काढले की, प्रत्येक धर्मगुरूने विवाहाची वही ठेवावी. तीत वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ लिहावे. स्नानसंस्काराच्या नोंदीत धर्ममातापित्यांची नावे लिहावीत. हेतू वंशावळी बनविण्याचा नव्हता. चोरून झालेली लग्ने नाकारून बायकोमुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना आळा बसावा आणि निषिद्ध नात्यात विवाह होऊ नयेत, हा हेतू होता. दुर्बलांच्या संरक्षणासाठी जे लिहिले गेले, ते चार शतकांनंतर इतिहासाचे भांडार ठरले. क्वेबेकमध्ये तर धर्मग्रामाच्या वहीची एक प्रत सरकारदरबारी ठेवली जाई आणि १९९३ च्या अखेरपर्यंत या वह्यांना कायद्याने जन्म, विवाह व मृत्यूची अधिकृत नोंद म्हणून मान्यता होती.

तेथील वह्यांचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. विवाह झाला तरी स्त्रीचे नाव तिच्या माहेरच्या आडनावानेच लिहिले जाई. त्यामुळेच अब्राहमचा वंश आज ओळखता येतो. धाकटा मुलगा धर्मगुरू झाला. मार्टिन आडनावाची त्याची पुरुषशाखा पुढे चालली नाही. वंश वाढला तो सर्वस्वी मुलींच्या द्वारे : रासीन, क्लुतिए, राते अशा घराण्यांतून. केवळ आडनाव धरून मूळपुरुष शोधणाऱ्याच्या हाती येथे काहीच लागले नसते.

आणि एक कटू नोंदही सांगितली पाहिजे, कारण ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. फेब्रुवारी १६४९ मध्ये एका तरुण मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून अब्राहम मार्टिनला कैदेत टाकण्यात आले होते. पूर्वज हा पूज्यच असला पाहिजे या समजुतीने शोधाला निघालेल्यांना ही ओळ टोचते. परंतु संत मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना उरियाच्या पत्नीचा उल्लेख टाळला नाही, आणि तो करताना दावीद राजाचे पाप झाकले नाही. सुवार्तिकाने जे धैर्य दाखविले, ते आपल्याला दाखवायला काय हरकत आहे?

आपल्या घरचा प्रश्न

आता आपल्याकडे वळू. ज्या ट्रेंटच्या नियमाने क्वेबेकची वही जन्मास आली, त्याच नियमाने गोव्यात, वसईत, साष्टीत आणि मुंबईत धर्मग्रामांच्या वह्या सुरू झाल्या. आपल्या वह्यांवरही आपत्ती कोसळल्या आहेत. १७३९ मध्ये वसईची पोर्तुगीज सत्ता संपली तेव्हा उत्तर कोकणातील धर्मजीवनाची घडी विस्कटली. आग नाही तर वाळवी, वाळवी नाही तर कोकणातला पावसाळा. कागदाचे शत्रू येथे कमी नाहीत. तेव्हा आपल्या घराण्याची साखळी एखाद्या पिढीपाशी तुटते, यात नवल नाही.

अशा तुटलेल्या टोकापाशी मोह उभा राहतो. आपले आडनाव पोर्तुगीज, म्हणून आपला मूळपुरुष लिस्बनहून आलेला कोणी सरदार असला पाहिजे, अशी समजूत आम्ही कित्येक सुशिक्षित घरांत ऐकली आहे. वस्तुस्थिती अशी की, स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा संस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे आडनाव घेण्याची प्रथा होती. एका आळीतील परेरा आणि दुसऱ्या आळीतील परेरा यांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही. आणि एका आजोबांची नातवंडे दोन आडनावे लावीत असणेही अशक्य नाही. ‘स्कॉटलंडच्या’ अब्राहमला जो न्याय, तोच आपल्या डिसोजा, लोपीस आणि रॉड्रिग्ज यांना. उलट गावात घराला पडलेले टोपणनाव, शेताचे नाव, विहिरीतील वाटा, कोणाच्या मर्तिकाला कोण सुतक पाळी, या गोष्टी आडनावापेक्षा पुष्कळदा अधिक विश्वसनीय असतात.

आणि यात कमीपणा कसला? आपले पूर्वज याच मातीतले भंडारी, कोळी, शेतकरी, कारागीर होते; येथेच त्यांनी प्रभूचा स्वीकार केला आणि सत्ता बदलल्या, धर्मगुरू दुर्मीळ झाले, तरी श्रद्धा टिकविली. उसना सरदार दारात आणून बसविण्यासाठी या खऱ्या माणसांना घराबाहेर काढणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. खोट्या वंशवृक्षाचे खरे नुकसान हेच : तो एक नाव जोडतो तेव्हा एक खरे नाव पुसून टाकतो.

म्हणून ज्या कुटुंबांना आपली वंशावळ तयार करावयाची आहे, त्यांना काही सूचना कराव्याशा वाटतात. मूळपुरुषापासून खाली येऊ नये. स्वतःपासून वर जावे आणि एक कडी पक्की झाल्याशिवाय पुढची धरू नये. प्रत्येक नावापुढे ते कोठून मिळाले ते लिहावे : धर्मग्रामाची वही, सातबाराचा उतारा, शाळेचा दाखला, की आजीचे बोलणे. वहीत आहे ते एका शाईने आणि ऐकीव आहे ते दुसऱ्या शाईने लिहावे. वयाच्या आकड्यांवर फार विसंबू नये. न्यू फ्रान्समध्ये १६६६ आणि १६६७ अशी लागोपाठ दोन वर्षे शिरगणती झाली. त्या एका वर्षात कित्येक माणसे तीन-चार वर्षांनी वाढली आणि काही तर तरुण झाली! आजीचे माहेर, पणजीचे माहेर अवश्य विचारावे; ज्या स्त्रियांच्या उदरातून घराणे वाढले, त्या नुसत्या ‘अमक्याची बायको’ म्हणून उरू नयेत. घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर हे विचारून घ्यावे. १६४० च्या आगीनंतर क्वेबेकच्या धर्मगुरूंना वही पुन्हा लिहिता आली, ती सांगणारी माणसे हयात होती म्हणून.

आणि जेथे पुरावा संपेल तेथे जागा कोरी सोडावी. कोरी जागा म्हणजे अपयश नव्हे. आपल्या नातवाला उद्या एखादा नवा कागद सापडेल, तेव्हा त्याला लिहिण्यासाठी ती जागा लागेल. आपण ती कल्पनेने भरून ठेवली, तर खरे उत्तर हाती येऊनही त्याला ते ओळखू येणार नाही.

शेवटी एक शब्द आमच्या धर्मगुरुबंधूंसाठी आणि धर्मग्रामाच्या कचेरीत काम करणाऱ्यांसाठी. धर्मशास्त्रसंहितेच्या कलम ५३५ मध्ये वह्या नीट लिहाव्यात आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात असे सांगितले आहे. रविवारी चार-पाच बालकांचे स्नानसंस्कार उरकल्यावर, जेवणाची वेळ टळत असताना, ती नोंद घाईने खरडण्याचा मोह आम्हां सर्वांना होतो. आईचे माहेरचे नाव राहून जाते, गावाचे नाव अर्धवट राहते, धर्ममातेचे नाव वाचता येत नाही. जाँ कोते आणि ॲन मार्टिन यांच्या विवाहाच्या नोंदीत वधूच्या बापाचे नाव असते, तर हा दीर्घकाळचा वाद उद्भवलाच नसता. दोन शब्दांचा हा प्रश्न. ते दोन शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिणे हे संस्काराचेच एक अंग आहे, असे समजून आपण लेखणी हाती घ्यावी.